मुदत नसलेली कामं

जपानात एकोणीस वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी मी घरी बसले. "तिकडे नेमकं काय करत होतात?" असं पुण्यात कोणी विचारलं की मी सांगते, सॉफ्टवेअरमध्ये होते. लोकांचं समाधान होतं. खरं उत्तर असं आहे की एका ॲपमधली कामं उचलून मी दुसऱ्या ॲपमध्ये नेऊन ठेवत होते, आणि ती तिथे नीट बसतात न बसतात तोच तिसऱ्यात. व्हिजिटिंग कार्डावर मात्र 'ब्रिज कोऑर्डिनेटर' असं छापलं होतं. म्हणजे तोक्योतलं गिऱ्हाईक जे बोलतं ते पुण्याच्या टीमला कळेल असं सांगायचं, आणि पुण्याची टीम जे करते ते तोक्योला सोसेल असं सांगायचं. यातलं दुसरं अवघड.

ज्यांच्या नशिबी हे ॲप प्रकरण आलेलं नाही त्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं. त्यावर काम काय, कोणाचं आणि कधीपर्यंत, एवढं लिहायचं. तीन रकाने असतात: करायचंय, चाललंय, झालं. काम पुढे गेलं की कार्ड बोटाने उजवीकडे सरकवायचं. संपलं. वाण्याची यादी यापेक्षा किचकट असते हो. पण वाण्याची यादी करायला कोणी समिती नेमत नाही, आणि आमच्याकडे दर तीन वर्षांनी नेमली जायची.

दर तीन वर्षांनी का, तर जपानी कंपनीत एप्रिल महिन्यात बदल्या होतात आणि तीनेक वर्षांनी खातं सांभाळणारा बुचो बदलतो. नव्या बुचोला काहीतरी नवं केलेलं दाखवायचं असतं. माणसं बदलता येत नाहीत, गिऱ्हाईक बदलता येत नाही, खुर्च्या भाड्याच्या. राहता राहिलं ॲप. आम्ही त्यांना नावांनी ओळखायचो नाही, चिन्हाच्या रंगाने ओळखायचो. पहिलं हिरवं, मग निळं, मग जांभळं.

हिरवं चांगलं होतं बिचारं. त्याला पुण्याने आणि तोक्योने मिळून मारलं. एका शुक्रवारी सकाळी मी बघते तर पुण्याची एकतीस कार्डं 'झालं' मध्ये. मी पुण्याच्या टीमप्रमुखाला, मंगेशला, फोन लावला.

"मंगेश, हे सगळं झालं?"

"झाल्यात जमा आहे, मॅडम."

"जमा म्हणजे?"

"म्हणजे डोक्यात क्लिअर आहे. सोमवारी बसलं की झालं."

आता 'झाल्यात जमा' हे जपानीत कसं सांगायचं? मी एक चौथा रकाना काढला. तोक्योची तऱ्हा उलटी. काम होऊन आठवडा झाला तरी ते 'झालं' म्हणायचे नाहीत, कारण तीन माणसांनी तपासल्याशिवाय काम झालं म्हणणं हा उर्मटपणा. म्हणून त्यांच्यासाठी 'तपासणी एक', 'तपासणी दोन' आणि 'तपासणी तीन'. मग तपासणीत परत आलेल्यांचा रकाना, आणि परत का आलं हे विचारायला संकोच वाटतो म्हणून नुसत्याच पडून राहिलेल्यांचा एक. असे नऊ रकाने झाले. पडद्यावर मावेनात. तेव्हाच्या बुचोंनी बघितलं आणि म्हणाले, "हे ॲप फार गुंतागुंतीचं आहे." झालं, निळं आलं.

निळ्यातून जांभळ्यात जायची वेळ आली तेव्हा बुचो होते ओकुमुरा-सान. उत्साही माणूस. आल्या आल्या कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी जांभळं पाहिलं आणि त्यांचं ठरलं. पण ठरलं म्हणून घेतलं असं आमच्याकडे होत नाही. आधी ठरतं आणि मग निवड होते. निवडीसाठी तक्ता लागतो. डावीकडे चौदा कसोट्या, वर चार ॲपची नावं, आणि चौकटीत खुणा: दुहेरी वर्तुळ म्हणजे उत्तम, एकेरी म्हणजे चांगलं, त्रिकोण म्हणजे बेताचं आणि फुली म्हणजे टाकाऊ. फुली कोणी देत नाही, विकायला आलेल्या माणसाला वाईट वाटेल. तक्ता भरायचं काम माझ्याकडे, कारण माझं दाते हे आडनाव जपान्यांतही आहे. कागदावर नाव बघून वरिष्ठांना वाटायचं की कोणीतरी आपल्यातल्याने भरलाय.

'वापरायला सोपं' या चौकटीत ओकुमुरा-सान म्हणाले, "जांभळ्याला दुहेरी वर्तुळ द्या."

मी म्हटलं, "एकदा उघडून बघू या का?"

ते माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "दाते-सान, हा निवडीचा टप्पा आहे. वापराचा टप्पा जूनमध्ये आहे."

मी दुहेरी वर्तुळ दिलं.

आता नोगुची-सानबद्दल सांगते, कारण हे सगळं पुराण मी त्यांच्यासाठीच लावलं आहे. नोगुची-सान माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. वय बासष्ट. जपानात साठीला निवृत्त झाल्यावर कंपनी माणसाला पुन्हा ठेवून घेते, पण वर्षावर्षाच्या करारावर. हुद्दा जातो, टेबल कोपऱ्यात जातं, आणि काल ज्याला काम शिकवलं तो आज साहेब होतो. नोगुची-सानना त्याचं काही नव्हतं. त्यांना एकच हवं होतं: याच ऑफिसात राहणं. घर तोक्योच्याच एदोगावा भागात, सायकलीने पूल ओलांडला की वीस मिनिटांत घरी. त्यांच्या बायकोला विसरण्याचा आजार होता. दिवसा त्या वृद्धांच्या केंद्रात जायच्या आणि संध्याकाळी साडेपाचला केंद्राची गाडी त्यांना दाराशी आणून सोडायची. त्या वेळी आत कोणी नसेल तर गाडीवाला त्यांना उतरवत नसे. म्हणून नोगुची-सान बरोबर पाचला उठायचे, सगळ्यांना वाकून नमस्कार करायचे आणि निघायचे. पासष्टीपर्यंत हे असंच चालावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

ते काय काम करायचे? तेच तर कुणाला दिसायचं नाही. आमचं गिऱ्हाईक म्हणजे एक शीतगोदाम. मासळी, कोळंबीची खोकी कुठल्या फळीवर आहेत ते आमचं सॉफ्टवेअर सांगायचं. रोज सकाळी नोगुची-सान गोदामाचे मुकादम कुदो-सान यांना फोन करायचे. आधी हवापाणी. मग कुदो-सानचा गुडघा. मग त्यांच्या नातवाचं बेसबॉल. या सगळ्यानंतर कुदो-सान सहज म्हणायचे, "हां, कालपासून तिसऱ्या दालनातला कॉम्प्युटर जरा दमल्यासारखा करतोय." हे एवढं एक वाक्य मिळवायला दहा मिनिटं लागायची. कुदो-सानना थेट "काही अडचण?" असं विचारलं तर ते "काही नाही" म्हणणार, आग लागली असली तरी. ते वाक्य मिळालं की नोगुची-सान मला सांगत, मी मंगेशला सांगे, आणि गिऱ्हाइकाची तक्रार यायच्या आत पुण्यात दुरुस्ती झालेली असे. आमच्या खात्याची जी काही अब्रू होती ती त्या दहा मिनिटांवर उभी होती. हे मला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

निळ्यात नोगुची-सानची कार्डं मीच करून दिली होती. 'रोज गोदामाला फोन.' 'पुण्याच्या सुट्ट्या कुदो-सानना आधी कळवणे.' 'नव्या माणसाला काय कुठे असतं ते दाखवणे.' मुदतीची चौकट मी रिकामी ठेवली, कारण ही कामं संपणारी नव्हतीच.

मग जांभळ्यात जायचं ठरलं. निळ्यात हजारो कार्डं साचली होती, त्यातली निम्मी कोणाची हे त्यांच्या जन्मदात्यांनाही सांगता आलं नसतं. स्थलांतराचं काम माझ्याकडे होतं. मी एक सुटसुटीत नियम केला: ज्या कार्डाला मुदत आहे आणि जे अपुरं आहे तेच जांभळ्यात जाईल, बाकीची निळ्यात राहतील आणि निळं बंद होईल. दोन आठवडे खपले. पहिल्याच दिवशी जांभळं स्वच्छ, चकचकीत, कुठे धूळ नाही. ओकुमुरा-सान मुख्य कार्यालयात जाऊन 'एकही चूक न होता झालेलं स्थलांतर' म्हणून मिरवून आले, आणि त्यांच्या मागे उभं राहून मीही मिरवले. खोटं कशाला बोलू, छान वाटलं होतं.

जांभळ्यात एक आलेख होता. कोणी आठवड्यात किती कार्डं संपवली त्याचे उभे खांब. ओकुमुरा-सान तो रोज सकाळी कॉफी पीत बघायचे. जानेवारीत करारांच्या मुलाखती सुरू होण्याआधी त्यांनी मला बोलावलं.

"हा आलेख छापून द्या. आणि बघा, नोगुची-सानचा खांबच नाही."

मी बघितलं. सगळ्यांचे खांब, आणि नोगुची-सानच्या नावावर नुसती जमीन. सहा महिने शून्य.

"ते मोकळे दिसतात," ओकुमुरा-सान म्हणाले. "सायतामाच्या पलीकडे आपला दप्तरखाना आहे. तिथे शांत काम असतं. एप्रिलपासून त्यांना तिथे पाठवू या."

दप्तरखान्याला जायला एका बाजूने दोन तास. म्हणजे साडेपाचला घरी कोण? काय झालंय ते मला त्या क्षणी कळलं होतं. त्यांची कार्डं बिनमुदतीची होती, म्हणून माझ्या सुटसुटीत नियमाने ती सगळी मागे राहिली. मी तिथेच म्हणायला हवं होतं, "ओकुमुरा-सान, चूक माझी आहे." एक वाक्य. पण 'एकही चूक न होता' असं मुख्य कार्यालयात सांगून झालं होतं, ओकुमुरा-सानची मान खाली गेली असती, माझीही गेली असती. मी म्हटलं, "छापून देते."

मग मी हुशारी केली. पुण्याची आहे, सरळ रस्ता सापडला नाही तर बोळ माहीत असतो. नोगुची-सानजवळ गेले आणि म्हटलं, "तुमच्या कामांची कार्डं करू या. रोजच्या मुदतीची."

"फोनला कार्ड?" त्यांनी विचारलं. "फोन तर मी करतोच."

"करता, पण दिसत नाही ना."

"कुदो-सानना कळतं."

"कुदो-सान तुमचा करार वाढवणार नाहीत हो."

"तुम्ही म्हणता तर करू या," म्हणाले.

मी भरघोस कार्डं केली. फोन करणे एक, फोनमधून कळलेलं लिहिणे दोन, ते दाते-सानना सांगणे तीन. नोगुची-सान दुपारी चष्मा लावून, एका बोटाने, एकेक कार्ड प्रामाणिकपणे उजवीकडे सरकवायचे. एखाद्या दिवशी कुदो-सान सुट्टीवर असले तर ते कार्ड सरकवायचे नाहीत. मी म्हटलं, "सरकवा हो, कोण बघतंय!" तर म्हणाले, "झालं नाही ना." मंगेशकडे शिकवणीला पाठवायला हवं होतं त्यांना.

महिन्याभरात नोगुची-सानचा खांब खात्यात सगळ्यात उंच झाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. तेवढ्यात ओकुमुरा-सानचं बोलावणं आलं. चेहरा गंभीर.

"दाते-सान, हे फार धोक्याचं आहे. एका बासष्ट वर्षांच्या माणसावर एवढा भार! उद्या ते आजारी पडले तर? हा भार काढून घ्यायला हवा."

"काढून कुठे ठेवणार?" मी विचारलं.

"यंत्रावर."

चार मीटिंगा झाल्या. ठरलं असं की रोज सकाळी गोदामाला आपोआप एक मेल जाईल, त्यात दोन बटणं असतील: 'अडचण आहे' आणि 'अडचण नाही'. नोगुची-सानचे फोन बंद. मी म्हटलं, कुदो-सान बटण दाबून काही सांगणार नाहीत. ओकुमुरा-सान म्हणाले, "मग तिसरं बटण ठेवू या का?" इतका समजूतदार माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. जांभळ्यात नवं कार्ड झालं: 'नोगुची-सानवरचा भार कमी करणे. जबाबदारी: दाते. मुदत: मार्चअखेर.' ते कार्ड वेळेत संपलं. तिन्ही तपासण्यांतून एकदाही परत आलं नाही.

भार गेला, खांब गेला, नोगुची-सान पुन्हा मोकळे दिसायला लागले. दप्तरखान्याचा कागद आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाकले, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या टेबलावर एकेक सुट्या वेष्टनातली मिठाई ठेवली, तिकडे तशी रीत आहे. पाच वाजता सगळ्यांना नमस्कार करून गेले. मी लिफ्टपर्यंत पोचवायला गेले आणि हवेबद्दल बोलले. हवेबद्दल!

त्यानंतर त्यांचं खातं जांभळ्यातून काढायचं होतं. बटण दाबलं तर ॲपने विचारलं, 'या सदस्याची संपलेली दोनशे बारा कार्डं कोणाच्या नावावर करायची?' कोणाच्या तरी नावावर केल्याशिवाय ते पुढे जाईना. मी माझं नाव दिलं. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. एप्रिलच्या सभेत 'सर्वाधिक कामं पूर्ण करणारी कर्मचारी' म्हणून मला प्रशस्तिपत्र मिळालं. ओकुमुरा-सान वाकले, मी वाकले, टाळ्या झाल्या. ग्योतोकुला आमच्या तिथल्या घरी नेलं तर नवऱ्याने विचारलं, "कशाचं गं?" मी म्हटलं, "उगाच, देतात सगळ्यांना." कपाटात कपड्यांच्या खाली सरकवून ठेवलं.

मे महिन्यात गोदामाची दोन दालनं अर्धा दिवस बंद पडली. आम्ही धावत गेलो. मी कुदो-सानना विचारलं, "तुम्ही रोज 'अडचण नाही' दाबत होतात ना?"

"हो. अडचण नव्हतीच. चार दिवस नुसतं हळू चाललं होतं," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, "नोगुची-सान बरे आहेत ना?"



दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसजवळच्या बागेत जाऊन मी नोगुची-सानना फोन लावला. सगळं सांगून टाकायचं ठरवलंच होतं. आधी त्यांच्या बायकोची चौकशी केली. "आता केंद्रात कमी पाठवतो, मी घरीच असतो ना," म्हणाले. मग मी एका दमात बोलले. की नियम माझा होता. की तुमची कार्डं त्यात मागे राहिली. की जानेवारीत मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. की प्रशस्तिपत्र तुमच्या कामाचं आहे आणि ते माझ्या कपाटात आहे. बोलताना मी बाकावर बसून एकटीच वाकत होते, समोरून जाणारी एक बाई थबकली.

नोगुची-सान शांतपणे म्हणाले, "मला माहीत होतं, दाते-सान."

"काय माहीत होतं?"

"तुमचा नियमाचा कागद सगळ्यांकडे सहीशिक्क्यासाठी फिरला होता ना. मी वाचला होता. माझी कार्डं जाणार नाहीत हे तेव्हाच दिसलं. पण मी शिक्का मारला."

माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "अहो, का?" मग जपानीत विचारलं, "तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही दोन आठवडे त्याच्यावर बसला होतात. जेवायलासुद्धा उठत नव्हतात. मी बोललो असतो तर तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं असतं. तुमचे फार कष्ट झाले असते."

मला रडू फुटलं. ते पलीकडून "नाही, नाही" म्हणत राहिले आणि मलाच धीर देत राहिले. शेवटी त्यांनी माझे आभार मानून फोन ठेवला.

त्या दोन आठवड्यांत मी बसून काय करत होते, ते मला त्यांना सांगता आलं नाही. मी कार्डांना रंग देत होते. मुख्य कार्यालयाला दाखवायचं होतं, म्हणून प्रत्येक प्रकारच्या कामाला वेगळा रंग, आणि फिकट जांभळा हवा की गडद यावरच तीन दिवस गेले होते. तो नियम बदलायला अर्धा तास लागला असता.